अक्षरं तीच, जीव वेगळे

एप्रिल २०२५मध्ये तीन पांढऱ्या पिल्लांचे फोटो जगभर फिरले. दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नामशेष झालेला ‘डायर वुल्फ’ हा लांडगा आम्ही परत आणला, असं कोलोसल बायोसायन्सेस या अमेरिकी कंपनीनं जाहीर केलं होतं. बातमी पूर्ण वाचली की चित्र थोडं वेगळं दिसायचं. पेशी घेतल्या होत्या आजच्या करड्या लांडग्याच्या. त्यांच्या डीएनएमध्ये १४ जनुकांत मिळून २० बदल केले, त्यांतून भ्रूण तयार केले आणि ते कुत्रीच्या गर्भाशयात वाढवले.

लगेच वाद पेटला. कुणी म्हणालं हा चमत्कार आहे, कुणी म्हणालं हा नुसता रंग बदललेला लांडगा आहे. हा वाद ऐकताना मला सारखं वाटत होतं की याच्या पोटातला प्रश्न कुणी विचारतच नाही. वीस बदलांनी एका प्राण्याचा दुसरा प्राणी होतो का, हे ठरवायचं तर आधी लांडगा हा लांडगाच का होतो, हे कळायला हवं. लांडगा, साप, गवत आणि माणूस यांच्यातला फरक रसायनाच्या पातळीवर नेमका कुठे असतो?

## फरक मालमसाल्यात नाही

सहज सुचणारं उत्तर असं, की वेगवेगळे जीव वेगवेगळ्या पदार्थांचे बनलेले असतील. हे उत्तर जवळजवळ पूर्ण चुकीचं आहे. आपल्या शरीराच्या वजनातला सुमारे ९६ टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांचा असतो. लांडग्यातही हीच चार, झाडातही हीच, जीवाणूतही हीच. प्रमाण थोडं इकडेतिकडे होतं, यादी बदलत नाही.

एक पायरी वर चढून रेणूंकडे बघितलं तरी तेच. ग्लुकोज ही साखर घ्या. तिचे रेणू एकापुढे एक जोडत गेलं की पिष्ट म्हणजे स्टार्च बनतं, धान्यात असतं ते. तेच रेणू जोडताना प्रत्येक पुढचा रेणू उलटा फिरवून जोडला की सेल्युलोज बनतं, म्हणजे लाकडाचा आणि कापसाच्या धाग्याचा मुख्य पदार्थ. कडी तीच, फक्त सांधा फिरला. पिष्टाचा सांधा तोडायचं साधन आपल्या शरीरात आहे, सेल्युलोजचा सांधा तोडायचं नाही. म्हणून धान्य आपल्याला पोसतं आणि गवत पोसत नाही. गाईलासुद्धा ते स्वतःला जमत नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करून देतात.

रक्ताचा लाल रंग आणि पानाचा हिरवा रंग यांचीही गोष्ट अशीच आहे. दोन्ही रंगद्रव्यांच्या गाभ्यात नायट्रोजनच्या चार अणूंनी धातूचा एक अणू मधोमध धरून ठेवलेला असतो. रक्तात तो लोहाचा असतो, पानात मॅग्नेशियमचा. पेशीत ही दोन्ही द्रव्यं बनतात तीसुद्धा एकाच पूर्वपदार्थापासून. पुढे वाट फुटते. झाड आणि प्राणी यांच्यात इतकं अंतर दिसतं, आणि आत गेल्यावर हे नातं सापडतं. मला तर ही जीवशास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

## मग फरक कशात आहे? क्रमात

शरीरातली बहुतेक कामं प्रथिनं करतात. प्रथिन म्हटलं की आपल्याला आहार आठवतो, पण पेशीच्या दृष्टीनं प्रथिन म्हणजे एक कामगार. कुणी ऑक्सिजन वाहून नेतो, कुणी स्नायू आखडतो, कुणी केस आणि नखं बनतो. रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या, तिचा वेग प्रचंड वाढवणाऱ्या प्रथिनांना एन्झाइम म्हणतात. मघाशी म्हटलेलं पिष्ट तोडायचं साधन म्हणजे असंच एक एन्झाइम.

प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांब माळ असते आणि तिच्यातले मणी म्हणजे अमिनो आम्लं. मणी साधारण वीसच प्रकारचे. जीवाणूपासून देवमाशापर्यंत सगळे याच वीस प्रकारांवर संसार चालवतात. कोणता मणी कोणत्या मण्यानंतर येतो, त्यावर माळ कशी दुमडेल हे ठरतं, कारण काही मणी पाण्याकडे ओढले जातात, काही पाण्यापासून पळतात, काही एकमेकांना घट्ट धरतात. आणि दुमडून जो आकार होतो, त्यावर काम ठरतं.

वीस मण्यांत इतकी विविधता कशी मावेल? शंभर मण्यांची एक छोटीशी माळ धरा. ती किती वेगवेगळ्या क्रमांनी ओवता येईल, हा आकडा एकावर १३० शून्यं इतका मोठा आहे. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्यासुद्धा साधारण एकावर ८० शून्यं एवढीच मानतात. निसर्गाला नवे मणी शोधायची गरजच पडली नाही.

दोन जिवांतला फरक अशा माळांमध्ये अगदी मोजता येतो. इन्सुलिन ५१ मण्यांचं असतं. माणसाच्या आणि डुकराच्या इन्सुलिनमध्ये एकाच मण्याचा फरक आहे, माणसाच्या आणि गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन मण्यांचा. म्हणूनच कितीतरी दशकं मधुमेहाच्या रुग्णांना डुकराचं आणि गाईचं इन्सुलिन देता आलं आणि असंख्य जीव वाचले. परकं असूनही ते आपल्या शरीराला बऱ्यापैकी आपलं वाटत होतं.

कधी कधी फरक माळ बदलल्यानं नाही, तर माळ हरवल्यानं पडतो. बहुतेक सस्तन प्राणी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात. माणसाला ते बाहेरून मिळालं नाही तर त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. कारण ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीवर लागणारं एन्झाइम आपल्यात तयारच होत नाही. त्याची कृती आपल्या डीएनएमध्ये अजून आहे, पण मोडक्या अवस्थेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी पूर्वजांच्या घरात चालू असलेलं आणि आता अडगळीत पडलेलं यंत्रच म्हणा ना.

## हा क्रम लिहिलेला कुठे असतो?

डीएनएमध्ये. डीएनए हा एक अतिशय लांब रेणू आहे आणि त्यावर चार प्रकारचे रासायनिक घटक ओळीनं बसलेले असतात. त्यांना आपण अक्षरं म्हणू. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एक शब्द म्हणजे एक मणी. चार अक्षरांतून तीन अक्षरी शब्द ६४ होतात; त्यांतले ६१ मण्यांसाठी वापरले जातात आणि तीन शब्द ‘माळ इथे संपली’ एवढंच सांगतात. एका माळेची कृती सांगणारा डीएनएचा तुकडा म्हणजे जनुक. हा शब्दकोश उलगडण्यासाठी १९६८ सालचं नोबेल पारितोषिक तिघांना मिळालं, आणि त्यांतले एक होते हरगोविंद खोराना.

हा शब्दकोश जवळपास सगळ्या सजीवांत एकच आहे. म्हणूनच माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जीवाणूत घातलं तर तो जीवाणू माणसाचंच इन्सुलिन बनवतो. अशा इन्सुलिनला १९८२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि आज जगभर तेच तंत्र रुळलं आहे.

भाषेत अक्षरांच्या क्रमाचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ‘मगर’ आणि ‘गरम’ यांत अक्षरं तीच आहेत. ‘माती’चा ‘मोती’ एका मात्रेनं होतो. आणि ‘ध’चा ‘मा’ झाल्यावर काय होतं, हे तर मराठी माणूस लहानपणापासून ऐकत आलेला असतो.

डीएनएमधल्या ‘ध’च्या ‘मा’चं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेल. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये दोन प्रकारच्या माळा असतात. त्यांतल्या १४६ मण्यांच्या माळेत सहावा मणी बदलतो, कारण तिच्या जनुकात एका ठिकाणी एकच अक्षर बदललेलं असतं. मूळचा मणी पाण्यात रमणारा होता, नवा मणी पाण्यापासून पळणारा आहे. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोर बनतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई आणि वडील दोघांकडूनही हेच बदललेलं अक्षर आलेल्या मुलाला सोसाव्या लागणाऱ्या वेदनांचं मूळ इतक्या लहानशा जागी आहे. एखादा आजार म्हणजे एका रेणूतला बिघाड असू शकतो, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९मध्ये याच आजारावरून दाखवलं.

पण अक्षर बदललं म्हणजे वाईटच झालं, असं मुळीच नाही. पट्टकादंब हे पक्षी हिमालय ओलांडून जातात. तिथल्या विरळ हवेत माणूस धापा टाकतो. या पक्ष्याच्या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या माळेत, ११९व्या जागी, जवळच्या नातलग पक्ष्यांपेक्षा वेगळा आणि लहान मणी आहे. त्यामुळे शेजारच्या माळेशी असलेली पकड सैल होते आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं. रेणू हिमोग्लोबिनचाच, बदल एका मण्याचाच. एकीकडे आजार, दुसरीकडे पर्वतावरून उड्डाण.

## पण डीएनएच सगळं ठरवतं, हे कशावरून?

शंका रास्त आहे. तिच्यासाठी २०१०चा एक प्रयोग आठवावा असा आहे. क्रेग व्हेंटर यांच्या गटानं एका जातीच्या जीवाणूचा सगळा डीएनए, म्हणजे सुमारे १० लाख ८० हजार अक्षरं, रसायनांपासून जुळवून तयार केला आणि तो दुसऱ्या जातीच्या जीवाणूच्या पेशीत घातला. ती पेशी वाढली, तिच्या पिढ्या झाल्या, आणि त्या पिढ्यांमधली प्रथिनं पहिल्या जातीची होती. लेखी मजकूर बदलला आणि जात बदलली.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पेशी त्यांनी बनवली नव्हती, ती आयतीच घेतली होती. डीएनए वाचायला आधी जिवंत पेशी लागतेच. नुसती पोथी असून चालत नाही, ती वाचणारा हवा.

## जास्त अक्षरं म्हणजे जास्त प्रगत जीव का?

नाही, आणि या उत्तरानं शास्त्रज्ञही चक्रावले होते. माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. हवेतूनही श्वास घेणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या एका माशात ती सुमारे ४३ अब्ज आहेत. बरं, अक्षरं सोडा, जनुकं मोजू. माणसात प्रथिनांची कृती सांगणारी जनुकं साधारण २० हजार. मातीत राहणाऱ्या, मिलीमीटरभर लांबीच्या एका कृमीतही साधारण तेवढीच! प्रौढ कृमीचं शरीर ९५९ पेशींचं असतं. आपल्यात तर लाखो कोटी पेशी.

म्हणजे निव्वळ माळांच्या यादीवरून जीव ओळखू येत नाही. आणि इथेच विषय खरा रंगतो.

## बटणांचा खेळ

तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए एकच आहे. तरी डोळ्यात पित्त तयार होत नाही. सुरवंटाचा आणि फुलपाखराचाही डीएनए एकच. मग फरक कुठून येतो? कोणतं जनुक कुठे, कधी आणि किती वेळ वापरायचं, यातून. माणसाच्या डीएनएचा फक्त एक ते दोन टक्के भाग प्रथिनांच्या कृतींचा आहे. उरलेल्यात पुष्कळ काही आहे, आणि त्यातला एक मोलाचा भाग म्हणजे जनुकं चालू-बंद करणारे तुकडे. त्यांना आपण बटणं म्हणू. पेशीतली काही खास प्रथिनं या तुकड्यांवर जाऊन बसतात आणि बटण दाबलं जातं.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना हे चटकन पटेल. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाचही स्वर तेच आहेत. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. कोणत्या स्वरावर थांबायचं, कुठे वावरायचं, एवढ्यानं राग बदलतो. पेटीवर नवी पट्टी बसवावी लागत नाही. मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी १९७५मध्ये माणूस आणि चिंपांझी यांच्याबद्दल नेमकं हेच म्हटलं होतं: दोघांची प्रथिनं इतकी सारखी आहेत की दोघांतला मोठा फरक प्रथिनांत नसून जनुकांच्या वापरात असला पाहिजे.

सापाचे पाय हे याचं फार बोलकं उदाहरण आहे. पाय घडवायला लागणारं एक महत्त्वाचं जनुक सापात शाबूत आहे, कारण शरीराच्या इतर भागांसाठी ते लागतंच. बिघडलं आहे ते त्या जनुकाचं पायांपुरतं बटण. २०१६मध्ये शास्त्रज्ञांनी उंदराच्या डीएनएमधलं हे बटण काढून त्या जागी सापाचं बटण बसवलं. जन्मलेल्या उंदरांना पायांच्या जागी नुसते खुंट होते. बाकी शरीर ठीक होतं. मग त्यांनी अजगराच्या बटणात हरवलेली १७ अक्षरं परत घातली आणि ते बटण उंदरात वापरलं. पाय पुन्हा नीट वाढले. ज्या फरकावरून आपण ‘सरपटणारा’ आणि ‘चालणारा’ असे शब्द केले, त्यातला एवढा मोठा वाटा १७ अक्षरांत दडलेला होता.

१९९५चा एक प्रयोग तर मला अजूनही अचंबित करतो. उंदराच्या डोळ्याची जडणघडण सुरू करणारं एक जनुक आहे. वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत ते फळमाशीमध्ये घालून भलत्याच जागी चालू केलं. माशीच्या पायावर डोळा उगवला, पण तो उंदराचा नव्हता, माशीचाच होता, अनेक बारीक भिंगांचा. त्या जनुकाचा निरोप फक्त ‘इथे डोळा कर’ इतकाच. कसला डोळा, हे माशीचा उरलेला डीएनए ठरवतो. हा प्रयोग लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

## ‘९९ टक्के सारखे’ म्हणजे नक्की किती?

माणूस आणि चिंपांझी ९९ टक्के सारखे, हे वाक्य सगळीकडे भेटतं. त्याचा आधार असा: दोघांचा डीएनए शेजारी-शेजारी ठेवला तर जिथे ओळी जुळतात तिथे सुमारे १.२ टक्के अक्षरं वेगळी निघतात. हा टक्का लहान दिसतो, पण ३ अब्जांतला तो आहे. म्हणजे साडेतीन कोटींच्या आसपास अक्षरं. शिवाय कुठे तुकडे गळालेले, कुठे जास्तीचे घुसलेले. ते यात धरलेलेच नाहीत.

दोन माणसांची तुलना केली तरी साधारण ४० ते ५० लाख जागी फरक सापडतो. त्यातले बहुतेक कुणाच्या खिजगणतीतही नसतात. सिकलसेलचा एक असतो, जो आयुष्य बदलतो. म्हणून टक्केवारीनं फसू नये. किती अक्षरं बदलली यापेक्षा कोणती बदलली आणि ती कुठे बसतात, हे विचारावं.

## म्हणजे जन्मतःच सगळं लिहून ठेवलेलं?

असंही नाही. बटणं बाहेरच्या जगाचंही ऐकतात. मधमाश्यांची राणी आणि कामकरी माशी यांच्या डीएनएमध्ये असा काही फरक नसतो की एकीनं राणी व्हावं. राणी होणाऱ्या अळीला वेगळं खाद्य मिळतं, बस. हा फरक पेशीत कसा उतरतो, याचा धागा २००८मध्ये सापडला. डीएनएवर ठिकठिकाणी बारीक रासायनिक खुणा चिकटवणारं एक एन्झाइम असतं. ते अळ्यांमध्ये दाबून टाकल्यावर, राणीचं खाद्य न देताही, बहुतेक अळ्यांच्या राणीसारख्या माश्या झाल्या. अक्षर एकही बदललं नव्हतं, खुणा बदलल्या होत्या. मगरीची पिल्लं नर होणार की मादी, हे तर अंडी किती तापमानात उबवली जातात त्यावर ठरतं.

## आता त्या तीन पिल्लांकडे

डायर वुल्फचा डीएनए मिळाला तो १३ हजार वर्षं जुन्या एका दातातून आणि ७२ हजार वर्षं जुन्या एका कवटीतून. तो करड्या लांडग्याशी ९९.५ टक्के जुळतो, असं कंपनीचंच म्हणणं आहे. लांडग्याच्या डीएनएमध्ये सुमारे २.४ अब्ज अक्षरं असतात. उरलेला अर्धा टक्का म्हणजे जवळपास १ कोटी २० लाख जागा. बदल केले २०, आणि त्यांतलेही १५च डायर वुल्फच्या डीएनएवरून घेतलेले. मोठा आकार, दाट केस, पांढरा रंग अशी डोळ्यांना दिसणारी लक्षणं साधण्यासाठी ते निवडले होते. हे काम कौशल्याचं आहे यात शंकाच नाही. पण सापाची १७ अक्षरं पाहिल्यावर एवढं कळतं, की त्या कोटभर जागांत कोणकोणती बटणं असतील हे आकड्यावरून सांगता येणार नाही.

मला त्या बातमीतला सगळ्यात महत्त्वाचा तपशील पांढऱ्या रंगाचा वाटतो, आणि त्याबद्दल फार थोडं बोललं गेलं. डायर वुल्फमध्ये रंगाशी संबंधित तीन जनुकांत खास बदल सापडले होते. तेच उचलून लांडग्यात घालायचे, हा सरळ मार्ग होता. कंपनीनं तो घेतला नाही. त्या जनुकांतल्या बदलांमुळे करड्या लांडग्यात बहिरेपणा आणि आंधळेपणा येऊ शकतो, हे आधीच माहीत होतं. म्हणून दुसरीच दोन जनुकं बंद करून पिल्लांचा रंग उजळ केला. डायर वुल्फ त्या तीन जनुकांतले बदल अंगावर घेऊन हजारो वर्षं जगला होता. माशीच्या पायावरच्या डोळ्यासारखंच हे: एखाद्या बदलाचा अर्थ काय निघेल, हे त्या जिवाचा उरलेला डीएनए ठरवतो.